अकरापैकी अकरा

१ मार्च

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. भांडारात कोरीच पडून होती, वार जुळत नाहीत म्हणून कुणी घेईना. मी घेतली. वार चुकले तर चुकले, लिहायला जागा आहे ना, झालं तर मग.

आज लिहायलाच हवं असं घडलंय. पत्र आलं! जगभरातल्या साक्षरता वर्गांमधून दरवर्षी थोडे निवडून त्यांचा मान करणारी एक संस्था आहे. सप्टेंबरात मी कुणाला न सांगता तिच्याकडे अर्ज धाडला होता. चारशे सोळा वर्ग आले होते म्हणे, कुठले तुरुंगातले, कुठले बोटींवरचे, कुठले खाणीतले. त्यातून शेवटचे बारा उरले आणि त्या बारांत आम्ही. आम्ही म्हणजे दवाखान्याच्या लाँड्रीतले अकरा जण, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना वाचायला शिकवणारी मी. माझी मूळ नोकरी नोंद कारकुनाची. किती चादरी आल्या, किती गेल्या, किती फाटल्या, हे लिहिणारी.

ह्यांना दुकानात जाऊन पत्र दाखवलं. कुणाची तरी अर्धी दाढी झालेली होती. ह्यांनी वस्तरा हातात धरूनच सगळं पत्र मोठ्यानं वाचलं, आणि साबण लावलेल्या त्या गिऱ्हाईकानंही टाळ्या वाजवल्या.

मग शेवटची ओळ वाचली. "आमच्या परीक्षक बाई २८ एप्रिलला येतील आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक अनोळखी मजकूर वाचून घेतील."

मी पत्र ह्यांच्या हातून काढून घेतलं. ह्यांना नाही सांगितलं का ते. इथे सांगते. अर्जात विचारलं होतं, किती शिकतात? अकरा, मी लिहिलं. त्यांतले किती जण कुठलाही मजकूर वाचू शकतात? तिथेही मी अकराच लिहिलं.

वाचतात दहा.

२ मार्च

अकरावी म्हणजे घडीमावशी.

घडीच्या टेबलावर त्या बावीस वर्षं आहेत. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की एक टोक त्या धरतात, दुसरं समोरची बाई धरते, चादर उजेडासमोर ताणायची, डाग बघायचा, भोक बघायचं, आणि मग चार हालचालींत घडी. मावशींच्या हातून डाग सुटला असं आजवर झालेलं नाही. गरुडाचे डोळे आहेत बाईचे. आणि वर्गात? पालथ्या घड्यावर पाणी!

दुःख कसलं, तर वर्ग त्यांच्यामुळेच चालतो. बाकीच्यांना हाताला धरून त्याच आणतात. "उठा गं, डबे मिटा, बाई थांबल्यात." दोन वर्षांत एक दिवस चुकल्या नाहीत. आणि पहिल्या वर्षी तर त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. तेव्हा आमच्याकडे पुस्तकं नव्हती. फाटकी चादर भिंतीला टांगून मी तिच्यावर कपड्यांना खुणा करायच्या शाईनं वीतभर अक्षरं काढायची. मावशी लांबच्या बाकावरून धडाधड वाचायच्या. ढकलगाड्यांवर रंगवलेलं "अपघात विभाग", "बालरुग्ण" सगळ्यात आधी त्यांनी वाचलं. दुसऱ्या वर्षी पुस्तकं आली आणि त्यांचं डोकं जे बंद पडलं ते पडलंच. तेव्हापासून पान समोर धरलं की, "बाई, तुम्ही एकदा वाचून दाखवा, मग मी." मी वाचते. मग त्या जशास तसं म्हणून दाखवतात. पुढचं पान काढलं की गाडी थांबली.

नोव्हेंबरात एकदा मी इतकी वैतागले की हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे शेरा लिहून टाकला. राग माझ्या नाकावर असतो, तो वहीत उतरला. कोण बघतंय म्हणा. माझं अक्षर बारीक आहे.

४ मार्च

साहेबांनी बोलावलं. आमचे व्यवस्थापक साहेब मितभाषी, पण आज चहा पाजला. म्हणाले, "हे बघा, जूनमध्ये वाळवणीचं नवं मशीन येतंय. ते बसणार तुमच्या वर्गाच्या कोपऱ्यात. दुसरी जागा नाही."

"मग वर्ग?"

"मान मिळाला तर वरच्यांना सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल. मागची कोठी रिकामी करून कायमची तुम्हाला देतो. नाही मिळाला, तर..." पुढचं त्यांनी चहात बुडवलं.

म्हणजे असं आहे. २८ तारखेला अकराच्या अकरा वाचले तर कोठी. मी खोटी ठरले तर वाळवणीचं मशीन.

९ मार्च

मावशींना रोज पंधरा मिनिटं वेगळं घेऊन बसते. आज त्या खिडकीकडे सरकल्या. "इथे उजेड बरा आहे." मग मान मागे, हात पुढे, पुस्तक पार लांब. मी म्हटलं, "मावशी, पुस्तक चावत नाही हो, जवळ घ्या." हसल्या. जवळ घेतलं आणि गप्पच झाल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "डोकं दुखायला लागलं."

"आळस! शुद्ध आळस!" ओरडलेच मी. नवीन धडा आला की बरोबर डोकं दुखतं.

१० मार्च

काल मी ओरडले त्याचं वाईट वाटलं. मावशींनी मात्र सकाळी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला, काही झालंच नाही असा. माझा एप्रन नीट घडी करून ठेवलेला होता. ह्या बाईवर धड रागावताही येत नाही.

१७ मार्च

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं, खोट्या आकड्यासकट. हे म्हणाले, "तिला जवळचं नीट दिसतं का?"

"कुणाला, मावशींना? मोहरीएवढा डाग हेरतात त्या!"

"चादर लांब धरून ना? आमच्या दुकानात पन्नाशीतली माणसं येतात, पेपर असा हातभर लांब धरतात. हात पुरेनासा झाला की म्हणतात, हल्ली पेपरात काही राम नाही."

मी म्हटलं, तुम्ही केस कापा, शिकवायचं माझ्यावर सोडा. दोन वर्षं शिकवतेय मी, मला कळत नाही आणि ह्यांना आरशातून कळतं! हे हसले आणि ताट उचलून गेले. ह्यांची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

२३ मार्च

आज शिलाईकाकांशी गप्पा झाल्या. आमच्या वर्गातले दोन पुरुष म्हणजे शिलाईकाका आणि रोलरवाला. काका फाटक्या चादरी शिवतात आणि लाँड्रीतल्या सगळ्या जुन्या गोष्टी त्यांना ठाऊक असतात. म्हणाले, मावशींच्या आधी त्या टेबलावर दुसरी एक बाई होती. तिचे डोळे अधू झाल्याचं तेव्हाच्या साहेबांना कळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला टेबलावरून काढून ओल्या कपड्यांच्या हौदावर धाडलं. ओली ब्लँकेटं उपसायची, तीही त्या वयात. सहा महिन्यांत सोडून गेली बिचारी. तिच्या जागी मावशी आल्या.

"मावशी तिला पोचवायला फाटकापर्यंत गेल्या होत्या," काका म्हणाले. "अजून नाव काढलं की गप्प होतात."

जुने दिवस वाईटच होते. काकांचं वाचन मात्र छान चाललंय. बटणांच्या डब्यावरची कंपनीची जाहिरात त्यांनी आज तीनदा वाचून दाखवली.

३० मार्च

प्रगती शून्य. मावशी म्हणतात, "नाही शिरत बाई डोक्यात. जाऊ द्या." आणि हसतात. एक वर्ष राहिलंय त्यांच्या निवृत्तीला. म्हणतात, "एवढं वर्ष माझं टेबल सांभाळलं की झालं, मग वाचेन निवांत." म्हटलं, टेबलाचा काय संबंध? टेबल कोण काढून घेतंय तुमच्याकडून? तर विषय बदलला. म्हातारपणी माणसं कशातून कशात शिरतात.

६ एप्रिल

मी एक युक्ती काढली आहे आणि ती चांगली नाही.

परीक्षक बाई अनोळखी मजकूर आणणार. पण सुरुवातीला वर्गाचंही काहीतरी ऐकतील. मावशींना मी एक पान तोंडपाठ करून देणार, "पाणी उकळून का प्यावं" हे. त्यांनी ते हातात धरून घडाघडा म्हणायचं, आणि मी पुढे होऊन म्हणायचं, मावशींना आज बरं नाही, त्यांचं वाचन झालं, आता बाकीच्यांचं घ्या. पाठांतर त्यांचं असं आहे की एकदा ऐकलं की बास. आज दोनदा वाचून दाखवलं आणि स्वल्पविरामासकट परत आलं.

एवढी स्मरणशक्ती आणि वाचता येत नाही. देवानं काय कुठे ठेवलंय, त्यालाच माहीत.

१४ एप्रिल

पान पाठ आहे. आज आम्ही पुस्तक धरायची तालीम केली. मध्येच धाकटी, म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान, जिला नवरा आणि दोन पोरं आहेत पण नाव धाकटीच पडलंय, ती मागून येऊन म्हणाली, "मावशी, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

मावशींनी ते सुलटं केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

१९ एप्रिल

रोलरची वाफ गळतेय. दालनात सगळीकडे धुकं. माझ्या वाचायच्या चष्म्यावर अशी वाफ धरते की चादरी मोजताना डोळे मिटल्यासारखं होतं. बाकी कुणाला तो त्रास नाही, कारण दालनात काम करणाऱ्यांना चष्मा घालायला बंदीच आहे. बांगडी, पिन, चष्मा, सैल काही म्हणून रोलरजवळ चालत नाही, आत ओढलं गेलं तर संपलं. मी बसते काचेच्या खोपटात, म्हणून मला माफ.

रोलरवाल्याला विचारलं, कधी दुरुस्त होणार? म्हणाला, "अर्ज लिहिलाय बाई. स्वतः लिहिलाय." इतक्या अभिमानानं म्हणाला की मी वाफेचं दुःख विसरले.

२६ एप्रिल

परवा ती तारीख.

आज सुट्टीनंतर मावशी थांबल्या. हातातलं पान माझ्या टेबलावर ठेवलं, त्याचीही चौकोनी घडी.

"बाई, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"पाठ तर आहे तुम्हाला!"

"म्हणूनच. पाठ म्हणजे वाचणं नव्हे. मी आजवर बाहेरगावच्या पत्रांना अंगठा दिला, बँकेत अंगठा दिला, कधी लाज वाटली नाही. पण शिकायला येऊन खोटं बोलायचं म्हणजे... हे काय शिकले मी तुमच्याकडे?"

मी म्हटलं, वर्ग जाईल हो मावशी. कोठी जाईल.

"मला नाही का माहीत? धाकटीला काल पोराच्या शाळेची चिठ्ठी वाचता आली. ती रडली, मी रडले. वर्ग जावा असं मला वाटतंय होय?" मग अगदी हळू म्हणाल्या, "माझं नाव गाळा यादीतून. सांगा, मध्येच सोडून गेली."

दोन वर्षांत एक दिवस न चुकलेली बाई मध्येच सोडून गेली, असं सांगू?

त्या गेल्यावर मी खूप रडले. खोपटाला काच आहे, सगळ्यांना दिसलं असणार, दिसू दे.

२७ एप्रिल

ठरलं. एक कागद लिहिला, "अर्जातला आकडा चुकीचा आहे. अकरापैकी दहा वाचतात. चूक माझी, विद्यार्थ्यांची नाही." सही केली. उद्या तो परीक्षक बाईंच्या हातात द्यायचा.

ह्यांना दाखवला. म्हणाले, "आता झोप लागेल तुला." आणि म्हणाले, "तरी एकदा डोळ्यांचं बघ तिच्या."

काय ते एकच धरून बसलेत!

२८ एप्रिल

सगळं क्रमानं लिहिते.

परीक्षक बाई साडेबारालाच आल्या. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला जुनी पिशवी. आधी स्वतः एका शाळेत शिकवायच्या असं म्हणाल्या. साहेब त्यांच्यासोबत. त्या बाकावर आमच्यातच बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. रोलर बंद केला होता तरी वाफ होतीच. त्यांनी पिशवीतून छापील चिठ्ठ्या काढल्या. औषधाच्या बाटलीवरची सूचना, घर भाड्यानं देण्याची जाहिरात, बसचं वेळापत्रक. धाकटीनं वेळापत्रक वाचलं आणि वर म्हणाली, "ही दुपारची गाडी फार उशिरा आहे." परीक्षक बाई खूष. शिलाईकाकांना घाम फुटला, पण पार पडले. एकेक करत दहा झाले. माझ्या वर्गानं मान खाली घालायची वेळ आणली नाही.

मग मावशी. त्या उभ्या राहिल्या. चिठ्ठी हातात घेतली आणि तशीच धरून राहिल्या.

मी उठले. खिशातला कागद काढून दिला आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, अर्जात मी खोटं लिहिलंय. दहा वाचतात. मावशींना येत नाही, आणि तो दोष माझा. मला शिकवता आलं नाही." चष्म्यावर वाफ, आतून पाणी, काही दिसेना. मी चष्मा काढून समोरच्या हजेरीच्या वहीवर ठेवला आणि तोंड पुसायला लागले.



मावशींना हात स्वस्थ ठेवणं जमत नाही. समोर घाण झालेली वस्तू पडली आहे आणि त्यांनी ती पुसली नाही, असं होणं नाही. त्यांनी चष्मा उचलला, एप्रनच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, उजेडासमोर धरल्या, आणि नीट पुसला गेला की नाही हे बघायला सरळ डोळ्यांवर चढवला. चादर बघतात तसाच. मग मान खाली घातली, तर खाली वही उघडी, परीक्षक बाईंनी हजेरी चाळताना सोडलेल्या नोव्हेंबरच्याच पानावर.

मग त्यांचा आवाज आला. तुटक, पण एकेक शब्द स्पष्ट.

"घडी-मावशी. हजेरी... पूर्ण. शेरा. रोज... येते. डोकं... मठ्ठ. आशा... नाही."

अगं बाई! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. साहेबांनी वर छताकडे बघितलं. रोलरवाल्याला खोकला आला.

आणि मावशी? मावशी ओरडल्या. "वाचलं! बाई, मी वाचलं! हे कुणी सांगितलं नव्हतं मला, मी आपणहून वाचलं!" मग परत वहीत वाकल्या. "मठ्ठ. ठ ला ठ जोडलाय. बघा, दिसतोय! केवढा थोरला दिसतोय!"

परीक्षक बाईंनी शांतपणे त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. "आता ही वाचा." ती औषधाची होती. "जेवणानंतर... दोन चमचे... बाटली नीट... हलवून घ्यावी." पूर्ण वाचली. मध्ये दोनदा अडखळल्या, स्वतःच मागे गेल्या, स्वतःच दुरुस्त केलं.

टाळ्या वाजल्या आणि मावशींना एकदम भान आलं. समोर साहेब. चेहरा पांढराफटक. चष्मा ओढून काढला. "साहेब, मला दिसतं हो. डाग दिसतो. चादर लांब धरते ना मी, लांबचं सगळं दिसतं. जवळचंच तेवढं... मला हौदावर पाठवू नका."

तेव्हा, आत्ता, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंतीवरची चादर. खिडकी. लांब धरलेलं पुस्तक. डोकेदुखी. फाटकापर्यंत पोचवलेली ती बाई. आंधळी ठरण्यापेक्षा मठ्ठ ठरणं ह्या बाईनं वर्षभर पत्करलं. टेबल जाऊ नये म्हणून माझं बोलणं हसून खाल्लं. आणि वही कुणाची उघडी पडली? माझी.

साहेब फक्त म्हणाले, "उद्या सकाळी आठला मला भेटा," आणि परीक्षक बाईंना घेऊन गेले.

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

२९ एप्रिल

सकाळी सात वाजल्यापासून आम्ही सगळे दालनात. मावशींनी डबासुद्धा आणला नव्हता. म्हणाल्या, "हौदावर गेले तर जेवण जाणार आहे का?" मी त्यांचा हात धरला आणि माफी मागितली. काय शब्द वापरले आठवत नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. दिसत नाही हे मी लपवलं, तुम्ही लिहून ठेवलंत. दोघीही शहाण्या." नेहमीसारखं हसल्या नाहीत मात्र.

आठला साहेब आले. मागे ढकलगाडीत साठ चादरी. म्हणाले, "ह्यांतल्या सहा चादरींवर मी काल शाईचे ठिपके टाकलेत. शोधा."

समोरचं टोक मी धरलं. चादर ताणायची, बघायची, घडी. पहिला ठिपका नवव्या चादरीत. मग सतरा. मग दोन लागोपाठ. त्रेपन्न होईतो सहाही सापडले. साहेब "बास" म्हणायला तोंड उघडणार, तोच मावशींनी चोपन्नावी बाजूला काढली.

"ह्यात नव्हता टाकला मी," साहेब म्हणाले.

"टाकला नसेल. आहे मात्र." किनारीजवळ, तिळाएवढा, जुना, तपकिरी. दोन टेबलांवरून तपासून पुढे गेलेला डाग.

साहेबांनी चादर स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली, मग परत जवळ. काय लक्षात आलं त्यांच्या, देव जाणे, पण कधी नव्हे ते हसले. "टेबल तुमचंच मावशी. तो जुना हुकूम मी काढला नव्हता, आणि मी पाळणारही नाही. हौदावर कुणी जात नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि डोळ्यांचा विभाग समोर आहे. चालत दोन मिनिटं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बावीस वर्षं त्या विभागाच्या चादरींची घडी ह्या बाईनं घातली. रोज पंचेचाळीस. आणि एकदाही आत गेल्या नाहीत.

मी दालनात सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले. धाकटी म्हणाली, "बाई, तुमचं रडायचं टेबल ठरलंय की काय?" सगळे हसले. मावशीही हसल्या. सुटले!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "मी म्हटलं होतं" असं हे एकदाही म्हणाले नाहीत. फक्त शीळ घालत होते, सगळी संध्याकाळ. त्यापेक्षा म्हटलेलं परवडलं.

३ मे

सगळा वर्ग डोळे तपासून आला. अकरांतल्या चौघांना जवळचा चष्मा लागला. त्यांतले एक शिलाईकाका. मी त्यांना म्हणत होते, घाम का फुटतो हो वाचताना!

दोन वर्षं मी काय बघत होते?

६ मे

चष्म्यांच्या बंदीवर तोडगा निघाला. शिलाईकाकांनी रुग्णांच्या जुन्या गाऊनच्या नाड्या काढून प्रत्येक चष्म्याला मागून घट्ट पट्टी शिवली. मान झटका, वाका, काही करा, हलत नाही. रोलरवाल्यानं स्वतः ओढून बघितली आणि मान डोलावली. रोलर चालू असताना चष्मा खिशात, बंद झाला की डोळ्यांवर, असा नियम साहेबांनी लिहून लावलाय. लावल्या लावल्या मावशींनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. मग साबणाच्या पोत्यावरचं वाचलं. मग आग विझवायच्या नळकांड्यावरचं. दुपारपर्यंत दालनात वाचायचं काही उरलं नाही.

३० मे

पत्र आलं. फोडायची हिंमत होईना. मावशी म्हणाल्या, "द्या इकडे," आणि बाकावर चढून वाचलं.

पहिला मान आपल्याला नाही. तो दूरच्या कुठल्यातरी बंदरातल्या बोटीवरच्या वर्गाला. पण विशेष उल्लेख म्हणून जगातले पाच वर्ग निवडलेत आणि त्यांत दवाखान्याच्या लाँड्रीतला वर्ग आहे! मानपत्र येणार, पुस्तकांची पेटी येणार. साहेबांनी तिथल्या तिथे खिशातून कोठीची किल्ली काढली. म्हणजे ती त्यांच्या खिशात आधीपासून होती.

पाकिटात आणखी एक कागद होता, माझाच, २८ तारखेचा. त्यावर परीक्षक बाईंनी एक तिरकी रेघ मारून खाली लिहिलं होतं, "परत. अर्जातला आकडा बरोबर निघाला."

११ जून

वाळवणीचं मशीन आलं आणि आमच्या कोपऱ्यात बसलं. घरघर करतं. करू दे. आम्ही कोठीत आहोत. दोन खिडक्या, एक फळा, भिंतीला मानपत्र. पुस्तकांच्या पेटीची यादी मावशींच्या ताब्यात. स्वयंपाकघरातल्या सहा नव्या बायकांनी नाव घातलंय आणि पहिल्याच दिवशी मावशींनी सगळ्यांना ओळीनं डोळ्यांच्या विभागात उभं केलं.

जुनी वही संपली. आज नवी हजेरी घातली. त्या पानावरचा नोव्हेंबरातला शेरा मी कधीच खोडला होता, पण पान तसंच आहे.

दुपारी खोपटात परत आले तर नवी वही टेबलावर उघडी होती. सगळी नावं माझ्या अक्षरात, आणि सगळ्यात खाली एक ओळ मोठ्या, गोल, सावकाश काढलेल्या अक्षरात. मी जवळ घेऊन वाचली.

"बाई. हजेरी पूर्ण. शेरा: रोज येतात. कळायला वेळ लागतो. आशा आहे."

शेरा वाचला की खाली सही करायची पद्धत आहे. मी केली.